हौशी विज्ञानगटात स्पर्धा घ्यायची आहे, पण रुसवेफुगवे नकोत. कशी घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या व्हॉट्सॲपवरील हौशी विज्ञानगटात दीडशेच्या आसपास सदस्य आहेत, परंतु नियमित निरीक्षणे नोंदवणारे मोजकेच आहेत. स्पर्धा ठेवली तर बाकीचेही हलतील असे तुम्हाला वाटते, मात्र त्यातून भांडणे होतील अशी धास्तीही आहे. मी कोल्हापुरात अशाच एका गटासाठी गेली काही वर्षे स्पर्धा भरवते, आणि तुमची धास्ती अनाठायी नाही हे आधीच सांगते, कारण आमची पहिली स्पर्धा रुसव्यातच संपली होती.

ती पक्षिगणना होती. एका रविवारी ज्याच्या नोंदीत सर्वाधिक जाती, तो विजयी, एवढाच नियम होता. दुचाकीवरून रंकाळा, कळंबा आणि विद्यापीठाचा परिसर पालथा घालणारे साहजिकच पुढे गेले, आणि दिवसभर गच्चीत बसून समोरच्या एका पिंपळावर लक्ष ठेवणाऱ्या बाई, ज्यांच्या नोंदी वेळेसह सर्वांत नेटक्या होत्या, त्या तळाला राहिल्या. त्यातच एकाने अशा पक्ष्याचे नाव लिहिले की त्यावर कोणाचाच विश्वास बसेना, आणि पुढचा आठवडाभर गटावर दुसरा विषयच निघाला नाही. माझ्या मते चूक त्या सदस्याची नव्हती. संख्येवर बक्षीस ठेवले की शंका असलेली नोंदही लिहून टाकण्याचा मोह होतो, आणि तो मोह मीच नियमात घालून ठेवला होता. पावसाच्या स्पर्धेचेही तेच झाले असते: सर्वाधिक पाऊस मोजणाऱ्याला बक्षीस ठेवले तर गगनबावड्याच्या सदस्याने दरवर्षी घरबसल्या जिंकावे.

त्यानंतर आम्ही सावलीवर आलो. विषुवदिनी, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या थेट माथ्यावर असतो तेव्हा, २० मार्चच्या सुमारास, उभ्या काठीची मध्यान्हीची सावली मोजून आपल्या गावाचा अक्षांश काढायचा. कोल्हापूरकरांना ही कल्पना लगेच पटली, कारण किरणोत्सवामुळे मावळतीचा सूर्य वर्षभर जागा बदलतो हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी सरता सरता किरणे अंबाबाईपर्यंत पोहोचतात, आणि या दोन्ही वेळा, सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या २१ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच दिवसांवर आहेत.

कोल्हापुरात विषुवदिनी मध्यान्ह बाराला होत नाही. आपले घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत, त्यामुळे सूर्य दुपारी १२.४० च्या आसपास माथ्याच्या सर्वांत जवळ येतो. म्हणून १२.२० ते १.०० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजायची आणि त्यांतली सर्वांत लहान धरायची. एक मीटरच्या काठीची ही सावली सुमारे ३० सेंटिमीटर भरते. सावलीला काठीच्या उंचीने भागून त्यावरून (कॅल्क्युलेटरवरच्या tan⁻¹ ने) कोन काढला की तोच अक्षांश. मापात एक सेंटिमीटरची चूक झाली की उत्तर अर्ध्या अंशाने हलते, म्हणजे कोल्हापूर उचलून जवळजवळ कऱ्हाडाशेजारी नेऊन ठेवल्यासारखे होते. गंमत अशी की सूर्य बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कडाच मुळात सुमारे एक सेंटिमीटर धूसर असते. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेली पुठ्ठ्याची चकती लावून तिच्यातून पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरला, गवंड्याच्या ओळंब्याने काठी सरळ केली आणि पाणसळीने जमीन तपासली की ही चूक बरीच कमी होते. स्पर्धेची खरी मजा या खटपटीत आहे.

अडचण एवढीच की उत्तर मोबाइलवर आयते मिळते. पहिल्या वर्षी एकाने थेट १६.७० अंश, म्हणजे कोल्हापूरचा खरा अक्षांश, लिहून पाठवला, सोबत एकही माप नाही. आम्ही हसलो, पण नियम बदलला. आता निम्मे गुण मापांच्या हस्तलिखित तक्त्याला असतात, आणि प्रत्येकाने उत्तरासोबत स्वतःची चूक किती असू शकते हेही त्या मापांवरून ठरवून लिहायचे असते. खरा अक्षांश तुम्ही सांगितलेल्या मर्यादेत बसला पाहिजे, आणि ज्याची मर्यादा बसूनही सर्वांत अरुंद, तो पुढे. ‘१६.५, अर्धा अंश इकडेतिकडे’ हे उत्तर टिकते. ‘१६.४, एक दशांश इकडेतिकडे’ लिहिणारा फाजील आत्मविश्वासामुळे बाद होतो, आणि पाच अंशांची सूट घेणारा सुरक्षित राहूनही मागे पडतो. या एका नियमाने आमची निम्मी भांडणे मिटली, कारण आपण कुठे कमी पडलो हे हरणाऱ्याला त्याच्याच तक्त्यात दिसते.

तक्ते सर्वांनी ठरलेल्या वेळेपर्यंत पंचांकडे खाजगी पाठवायचे. गटावर आधी टाकू दिले तर दुसऱ्याचे पाहून आकडे सुधारले जातात, अगदी भल्या माणसांकडूनही. पंचांनी स्वतः भाग घ्यायचा नाही. जोडी मात्र खासबाग मैदानातल्या कुस्तीसारखी तुल्यबळ लावावी: थिओडोलाइट (कोन मोजायचे यंत्र) हाताळलेला अभियंता आणि सातवीतला मुलगा एकाच स्पर्धागटात ठेवू नका.

दूरच्या सदस्यांना बाहेर ठेवू नका. पुण्यातल्या एकाने आणि इथल्या एकाने त्याच दुपारी मोजले तर दोन कोनांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. अंतर मात्र उत्तर-दक्षिण धरायचे, सुमारे २०० किलोमीटर. रस्त्याचे किलोमीटर धरले की गणित बिघडते. आमच्या एका जोडीला ३७ हजार किलोमीटर मिळाले. खरा परीघ ४० हजारांच्या आसपास आहे, तरी दोघेही महिनाभर हवेत होते.

आभाळ आले तर दुसऱ्या दिवशी मोजा, पण सूर्य त्या काळात रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेला सरकतो, तेव्हा त्या दिवसाची दुरुस्ती पंचांनी सर्वांना आधीच कळवावी. सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या नादी लागू नका, इथे तेव्हा ऊन पडेलच याचा भरवसा नसतो. रोख बक्षीस ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे पैलवानाच्या गदेऐवजी पितळी ओळंबा आहे, तो विजेत्याने वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या मार्चमध्ये, घासूनपुसून, परत आणायचा. सध्या तो पिंपळवाल्या बाईंच्या गच्चीत टांगलेला आहे.