बेडरूमला हिरवट निळा लावू की निळसर हिरवा?

घोडबंदर रोडचा फ्लॅट, पश्चिमेची बेडरूम, रात्री पांढरी एलईडी ट्यूब आणि शेडकार्डावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन छटा, एक निळ्याकडे झुकणारी, एक हिरव्याकडे. भिंतींवर सध्या जुना क्रीम रंग, आणि हवाय तो मोरपंखी भास. एवढं तुम्ही सांगितलंय, त्यावरून माझं मत हिरव्याकडे झुकणाऱ्या छटेला.

बेडरूममध्ये आपण जागे असतो ते सकाळी आणि रात्री. सकाळी पश्चिमेच्या खोलीत थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. पावसाळ्यात तर दिवसभर तसाच. रात्रीची पांढरी ट्यूबही साधारण ६५०० केल्विनची, म्हणजे निळसरच (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). अशा उजेडात निळी छटा आणखी निळी, गारठलेली दिसते. त्यात कार्डावरचा चौकोन चार भिंतींवर चढला की रंग जास्तच भडक वाटतो. हिरवी छटा त्याच उजेडात जरा निळ्याकडे सरकते आणि मला वाटतं, तुम्ही शोधताय तो मोरपंखी भास तिथेच मिळेल. मात्र पिवळे, २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावणार असाल (आकडा खोक्यावर असतो) तर हिरवी शेवाळी दिसू लागेल. मग निळी घ्या.

तरी माझ्या शब्दावर डबे आणू नका. दोन्हींचे छोटे डबे घेऊन पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर प्रत्येकी दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग फसवतो. थेट भिंतीवर पट्टे नकोत, जुना क्रीम रंग मध्ये येतो. आणि शीट एका वेळी एकच लावा. दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्याला त्यांच्यातला फरकच दिसत राहतो, पण भिंतीवर तर एकच राहणार आहे ना! सकाळी, चार-पाचच्या उन्हात आणि रात्री ट्यूबखाली बघा. खिडकीची भिंत आणि समोरची भिंत, दोन्हीकडे बघा. पडदे ठरले असतील तर तेही शेजारी धरा.

आणखी एक. ‘हीच शेड दुसऱ्या कंपनीत स्वस्तात बनवून देतो,’ असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर नको म्हणा. रंगद्रव्यं वेगळी असली की दुकानातल्या उजेडात जुळलेली शेड घरातल्या उजेडात वेगळी दिसू शकते, आणि निळ्या-हिरव्याच्या सीमेवर एवढासा फरकही लगेच डोळ्यात येतो. नमुना ज्या कंपनीचा, ज्या फिनिशचा (मॅट की चकचकीत), तोच घ्या आणि सगळ्या डब्यांत रंगद्रव्य मिसळून (टिंट) एकाच वेळी घ्या.