दारू सोडून माणूस परत येतो, त्या दिवशी घरी कोण असतं?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या आडबाजूच्या वस्त्यांमध्ये दारू सोडवायला गावपातळीवर नेमकं काय करतात? आम्ही गडचिरोलीतल्या कोरची भागात गावसंघटनांबरोबर काम करतो. तिथलं काही आमच्याकडे चालेल का?"

चालेल, पण सगळं नाही. काय चालेल आणि काय नाही, ते माझ्या अनुभवातून सांगते.

मी मूळची कराडची. अमेरिकेत शिकलेल्या परदेशी डॉक्टरांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहण्याची अट असते. ती माफ करून घ्यायची तर डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करावं लागतं. त्या वाटेने मी मोंटाना राज्यातल्या एका रिझर्व्हेशनवर गेले. हे आपल्याकडचं नोकरीतलं आरक्षण नव्हे. जमिनी गेल्यावर जमातीकडे जो मुलूख उरला, त्याचं हे नाव. तिथले लोक नुसतं 'रेझ' म्हणतात. तीन वर्षांसाठी गेलेली मी सात वर्षं राहिले. जमातीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एका माणसाची गोष्ट सांगायची आहे आणि तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'या लोकांच्या रक्तातच दारू आहे' हे तिथले गोरेही म्हणतात आणि आपल्याकडे आदिवासींबद्दल आपणही म्हणतो. ते खोटं आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे तपासले. मागच्या महिनाभरात दारूला शिवलेही नाहीत असे लोक मूळनिवासींमध्ये सुमारे ६० टक्के निघाले, गोऱ्यांमध्ये सुमारे ४३ टक्के. बेसुमार पिणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं होतं. तरीही दारूने होणारे मृत्यू मूळनिवासींमध्ये कितीतरी जास्त आहेत. माझ्या वॉर्डात याची कारणं डोळ्यांसमोर असायची: दवाखाना लांब, काम नाही, आणि घराघरात आईबापांपासून तोडून बोर्डिंग शाळेत नेलेलं एखादं मूल, जे मोठं होऊन आजोबा झालं तरी त्या शाळेबद्दल बोलत नाही.

आता त्या माणसाची गोष्ट. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात चाळिशीतला एक जण रक्ताची उलटी होऊन आमच्याकडे आला. त्याला सावरलं, समजावलं आणि २८ दिवसांच्या निवासी उपचाराला पाठवलं. केंद्र जवळपास ५०० किलोमीटरवर. मी फार समाधानात होते. एकोणतिसाव्या दिवशी केंद्राच्या गाडीने त्याला संध्याकाळी घराच्या दारात सोडलं. घरात तीच चुलतभावंडं, तोच सोफा, फ्रीजमध्ये बिअर. चौथ्या दिवशी तो पुन्हा आमच्या तातडीच्या विभागात होता. मी चिडून नोंदीत लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

आमच्याकडे साठी ओलांडलेली एक आरोग्यसेविका होती. या पदाला कम्युनिटी हेल्थ रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात. १९६८ पासून ते आहे आणि काम बरंचसं आपल्या आशाताईंसारखं: त्याच जमातीतली बाई, घरोघर फिरणारी, कोणाच्या घरात चूल पेटली नाही ते ठाऊक असणारी. सगळे तिला आजी म्हणत, मीही म्हणायचे. तिने माझी नोंद वाचली आणि विचारलं, "तू त्याला पाठवलंस तेव्हा विचारलं होतंस का, की तो परत येईल त्या दिवशी घरी कोण असेल?"

मी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणून मला तो प्रश्न माझा वाटलाच नव्हता.

वसंतात तो पुन्हा जायला तयार झाला. या वेळी आजीने त्याच्या मावशीला आणि वर्षानुवर्षं दारूपासून दूर असलेल्या पाच-सहा पुरुषांना कामाला लावलं. चुलतभावांशी बोलणं त्यांनी केलं. भांडण नाही, फक्त "तो येतोय, तुम्ही काही महिने दुसरीकडे राहा" एवढंच. बाटल्या गेल्या, हिवाळ्यात फुटलेला पाण्याचा पाइप दुरुस्त झाला, एका खोलीला रंग लागला. परत आणायला मावशी स्वतः पिकअप घेऊन गेली. घरी हरणाच्या मटणाचा रस्सा आणि फ्राय ब्रेड, म्हणजे आपल्या भटुऱ्याच्या जवळ जाणारी तळलेली जाड पोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला कामावर हजर व्हायचं होतं: जमातीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी लाकूड फोडून घरपोच द्यायचं. पगार थोडा होता, पण सकाळी सातला कोणीतरी त्याची वाट पाहत असणार होतं.

ऑगस्टमध्ये त्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. हे लपवत नाही. पण त्या पाच-सहा जणांनी त्याच रात्री त्याला शोधून आमच्याकडे आणलं आणि आठवड्याच्या आत तो पुन्हा लाकडांवर होता.

ही युक्ती आजीची एकटीची नव्हती. तिच्या पिढीतल्या सगळ्यांना कॅनडातल्या अल्कली लेकची गोष्ट ठाऊक असते. ब्रिटिश कोलंबियातलं सेक्वेपेम्क लोकांचं हे छोटं गाव, जिथे जवळपास प्रत्येक मोठा माणूस प्यायचा. १९७२ च्या सुमारास फिलिस चेल्सी आणि तिचा नवरा अँडी आपल्या मुलीला तिच्या आजीच्या घरून न्यायला गेले, तर सात वर्षांची ती पोर म्हणाली, तुम्ही पिता, मी येणार नाही. फिलिसने दारू सोडली, काही दिवसांनी अँडीनेही. बराच काळ गावात हे दोघंच कोरडे होते आणि लोक त्यांना टाळायचे. पुढे अँडी गावाचा प्रमुख झाला आणि मग जे झालं ते नीट बघा. चोरून दारू विकणाऱ्यांना पोलिसांच्या मदतीने पकडलं, आणि त्यात गावातलेच, ओळखीपाळखीचे लोक होते. सरकारी मदतीचे पैसे रोख न देता किराणा आणि कपड्यांची कुपनं दिली. जो उपचाराला जाईल त्याची मुलं गाव सांभाळायचं, तो नसताना त्याचं घर दुरुस्त करायचं, आणि परतल्यावर त्याला काम द्यायचं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गावातले बहुतेक मोठे लोक दारूपासून दूर झाले होते.

दारू उतरल्यावर तिथे आणखी एक गोष्ट वर आली: चर्चच्या निवासी शाळेत मुलांवर झालेले अत्याचार. लोक इतकी वर्षं काय गिळत होते, ते तेव्हा कळलं. तुमच्या कामातही ही वेळ येईल. माणूस दारू सोडतो आणि दोन-तीन महिन्यांनी अचानक बोलू लागतो किंवा रडू लागतो. त्या दिवशी ऐकायला कोण आहे, हे आधीच ठरलेलं बरं.

मोहिकन जमातीच्या डॉन कोयहिस यांनी १९८८ मध्ये कोलोराडोत 'व्हाइट बायसन' ही संस्था काढली. तिची शिकवण आज शेकडो वस्त्यांमध्ये पोहोचली आहे. त्यांचं जंगलाचं उदाहरण आमच्या मीटिंगमध्ये दर आठवड्याला निघायचं. रोगट जंगलातलं एक झाड उपटून नर्सरीत नेलं, बरं केलं आणि पुन्हा त्याच मातीत लावलं, तर ते पुन्हा रोगट होणार. म्हणून जंगल बरं करायचं. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्याही ते वापरतात, पण सरळ रेषेत नाही, चार दिशांच्या चक्रावर मांडून.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते अलास्कातल्या युपिक लोकांच्या कामाने. संशोधक आणि जमातीची माणसं एकत्र बसली तेव्हा जमातीने सांगितलं, आमचे लोक का पितात यावर खूप लिहून झालंय, आता जे पीत नाहीत किंवा ज्यांनी सोडली, त्यांना विचारा. त्या मुलाखतींमधून पुढे मुलांसाठी 'कुंगास्विक' उभं राहिलं. युपिक भाषेत त्याचा अर्थ अवजारांची पेटी. पूर्वी गावाचं एक सामायिक घर असायचं, कसगिक, तिथे मोठ्यांच्या सोबतीने मुलं शिकायची. तीच रीत पुन्हा घातली. मुलांपुढे दारूवर भाषण नाही. बर्फ कुठे पातळ आहे हे काठीने ठोकून कसं ओळखायचं, सील मारून आणली की मांस आधी कोणाच्या घरी द्यायचं, हे शिकवायचं. आणि मोजताना 'किती प्यायलास' एवढंच मोजायचं नाही, तर जगायला आणि न प्यायला त्या मुलाकडे कारणं किती आहेत, हेही मोजायचं. हे वाचलं तेव्हा मला तुमच्याकडच्या गोटुलची, म्हणजे गोंड-माडिया गावातल्या मुलामुलींच्या सामायिक घराची, आठवण झाली. तुम्ही तिथले, तुम्हाला जास्त कळेल.

दारूबंदीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, म्हणून लिहिते. अमेरिकेत मूळनिवासींना दारू विकायला सरकारनेच १८३२ पासून १९५३ पर्यंत बंदी घातली होती. ती वरून लादलेली होती, तिने काही सुटलं नाही. अलास्कात १९८१ पासून गावांना मतदानाने ठरवता येतं: विक्री बंद, की आणणंही बंद; पुढे जवळ बाळगणंही बंद करता येऊ लागलं. स्वतः ठरवलेली बंदी वेगळी असते, तिची राखण गाव करतं. पण सीमा हे दुखणं राहतंच. साउथ डकोटातलं पाइन रिज हे लकोटा लोकांचं रिझर्व्हेशन कोरडं, आणि सीमेला लागून नेब्रास्कात व्हाइटक्ले नावाचं खेडं. तिथे वस्ती जेमतेम डझनभर माणसांची, बिअरची दुकानं चार, आणि वर्षाची विक्री लाखो कॅनची. लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, रस्ते अडवले, तेव्हा कुठे २०१७ मध्ये परवाने गेले. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठल्यावर तुमच्या सीमेवर काय झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक रात्र मात्र सांगायलाच हवी. ३१ डिसेंबरला अनेक रिझर्व्हेशनवर दारूविना पॉववॉव म्हणजे जमातीचा मेळावा असतो, ढोल आणि नाच रात्रभर. आमच्याकडे तो शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये व्हायचा. बाहेर उणे २५, आत लहान पोरं घुंगरं बांधून पळताहेत, लांब टेबलांवर घरून आणलेलं जेवण. मध्यरात्रीच्या आधी निवेदक विचारू लागतो: दारू सोडून चाळीस वर्षं? एक म्हातारा उठतो. तीस? वीस? माणसं उठत जातात आणि हॉलच्या मध्यभागी येऊन उभी राहतात. एक वर्ष. एक महिना. शेवटी, एक दिवस? त्या वर्षी मागच्या बाकावरून एक विशीतली मुलगी उठली, कोटही न काढता. चाळीस वर्षंवाला म्हातारा तिच्याकडे चालत गेला आणि स्वतःच्या खांद्यावरची चांदणीच्या नक्षीची गोधडी त्याने तिच्या खांद्यावर घातली. मग ढोल सुरू झाला.

आता जे जसंच्या तसं उचलू नये ते. तिथल्या मैदानी आणि उत्तरेकडच्या जमातींकडे दारू व्यापाऱ्यांबरोबर आली. म्हणून 'ही आपली नव्हेच, आपल्या पूर्वजांकडे परत चला' हे वाक्य तिथे काळजाला भिडतं. तुमच्याकडे मोहाचं झाड पूज्य आहे आणि देवाला, जन्म-मरणाला मोहाची धार लागते. तुमच्या गावांत हेच वाक्य बोललात तर लोकांना ते आपल्या देवावरच बोलल्यासारखं वाटेल. पूजेची दारू किती आणि धंद्याची कोणती, ही रेघ तुमच्या ग्रामसभेतल्या म्हाताऱ्यांनीच ओढायला हवी. तिथले घाम-झोपडीचे (तापलेल्या दगडांच्या वाफेत बसून करायचे) विधीही आणू नका. मला दोनदा आत बोलावलं होतं, पण आत काय होतं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

आणि डॉक्टर म्हणून एक कळकळीचं सांगणं. रोज सकाळपासून पिणाऱ्याला गावाच्या दबावाखाली एका दिवसात थांबवू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावतो. हातांना कंप, घाम, नसलेलं दिसणं सुरू झालं की थेट दवाखाना. ते दिवस औषधांनी सुरक्षित काढता येतात, आणि पुढे ओढ कमी करणारी औषधंही आहेत.

तुमच्या गावांमध्ये दारू सोडून वर्ष झालेले किती जण आहेत, याची यादी आहे का? पिणाऱ्यांची असेलच. नसेल तर आधी ही करा, आणि पुढचा माणूस उपचाराला निघायच्या आधी त्यातल्या दोघांना त्याच्या घरी घेऊन जा. मग काय झालं ते इथेच लिहा, मी वाट बघते.