दुर्मिळ, दुर्धर आणि ‘प्रॉग्नोसिस’

प्रश्न असा आहे: फुप्फुसातल्या ‘टिपिकल कार्सिनॉइड’ या ट्यूमरचा बायॉप्सी रिपोर्ट हाती आला आहे आणि घरच्या वडीलधाऱ्यांना तो मराठीत लिहून कळवायचा आहे. ‘फुप्फुसाचा दुर्धर आजार’ असं लिहिलं तर चालेल का? कार्सिनॉइडला कर्करोग म्हणायचं की नुसती गाठ? आणि प्रॉग्नोसिससाठी, म्हणजे आजार पुढे कसा जाईल या अंदाजासाठी, ‘रोगनिदान’ बरोबर आहे का?

‘दुर्धर’ अजिबात लिहू नका. दुर्मिळ आणि दुर्धर हे शब्द कानाला जवळचे वाटतात आणि बातम्यांमध्ये ‘दुर्मिळ व दुर्धर आजार’ अशी जोडीच रूढ झाली आहे, म्हणून हा गोंधळ होतो. दुर्मिळ हा मोजणीचा शब्द आहे: क्वचित आढळणारा, एवढंच. दुर्धर म्हणजे पेलायला कठीण. आजच्या वापरात तर त्याला ‘बरा न होणारा’ असाच अर्थ आला आहे. फुप्फुसाच्या सगळ्या कर्करोगांत कार्सिनॉइडचं प्रमाण जेमतेम 1 ते 2 टक्के, म्हणून तो दुर्मिळ. पण टिपिकल कार्सिनॉइड शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आला तर पाच वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण हयात असतात. याला दुर्धर म्हणणं चूकच. उलट फुप्फुसाचाच स्मॉल सेल कॅन्सर कार्सिनॉइडपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि पसरलेल्या अवस्थेत तो खरोखर दुर्धर असतो. दोन्ही विशेषणं लागू पडावीत असेही ट्यूमर आहेत. नट कार्सिनोमा हा त्यातला एक: फार क्वचित होतो, झपाट्याने वाढतो आणि नेहमीच्या केमोथेरपीला फार काळ दाद देत नाही.

आता ‘गाठ की कर्करोग’. कार्सिनॉइड हा शब्द 1907 साली जर्मन पॅथॉलॉजिस्ट झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी आतड्यातल्या छोट्या गाठींसाठी वापरला. त्याचा अर्थ ‘कर्करोगासारखा दिसणारा’. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो कर्करोगासारखा, पण वागतो निरुपद्रवी, असा त्यांचा तेव्हाचा समज होता. 1929 साली त्यांनीच लिहिलं की या गाठी पसरूही शकतात. समज बदलला, नाव मात्र तेच राहिलं. म्हणून कार्सिनॉइडचं ‘कर्करोगसदृश गाठ’ असं भाषांतर शब्दाला धरून असलं तरी आजाराला धरून नाही. आजच्या वर्गीकरणात टिपिकल कार्सिनॉइडसुद्धा घातक ट्यूमरमध्येच मोडतो, आणि दहातल्या एखाद्या रुग्णात तो शस्त्रक्रियेच्या वेळी जवळच्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पोहोचलेला असतो. घरी ‘कर्करोगासारखं काहीतरी आहे, कर्करोग नाही’ असा निरोप गेला की पुढच्या तपासण्या टळू लागतात, आणि हा ट्यूमर वर्षानुवर्षांनी परत येऊ शकतो. कार्सिनॉइड हे नाव तसंच ठेवावं आणि पुढे लिहावं: ‘हा कर्करोगच आहे, पण संथ वाढणारा.’ ‘गाठ’ हा शब्द बायॉप्सी होईपर्यंत चांगला, कारण सीटी स्कॅनवर दिसलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. हॅमार्टोमा ही फुप्फुसातली गाठ पूर्ण निरुपद्रवी असते. तिच्यात चरबी आणि चुन्याचे ठिपके दिसले की बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.

ट्यूमरसाठी ‘अर्बुद’ हा शब्द जुना आणि नेमका आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद वेगळे सांगितले आहेत, आणि आधीच्या अर्बुदावर पुन्हा उठणाऱ्याला अध्यर्बुद असं स्वतंत्र नावही आहे. वैद्यकीय लेखनात तो जरूर वापरावा. पण घरच्या चिठ्ठीत तो शब्दच आधी समजावून सांगावा लागेल.

रिपोर्टमधल्या ‘टिपिकल’चं भाषांतर ‘नेहमीचा’ किंवा ‘साधा’ करू नका. ती पॅथॉलॉजीची ठरलेली श्रेणी आहे. 2 चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभागत असलेल्या पेशी मोजतात (शाळेच्या पुस्तकातलं सूत्री विभाजन ते हेच). दोनपेक्षा कमी आणि मेलेल्या ऊतीचे ठिपके कुठेही नाहीत, तर टिपिकल. दोन ते दहा, किंवा असे ठिपके दिसले, तर अटिपिकल. त्यात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण साधारण 50 ते 70 टक्क्यांपर्यंत खाली येतं. यातली अडचण अशी की ब्रॉन्कोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) निघालेला तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. तेवढ्या नमुन्यावर ही मोजणी पक्की होत नाही. संपूर्ण गाठ काढून तपासल्यावरच अंतिम नाव ठरतं. चिमट्यात पेशी चिरडल्या गेल्या तर कार्सिनॉइड चक्क स्मॉल सेलसारखा दिसतो. अशा वेळी केआय-67 ही चाचणी उपयोगी पडते. ती वाढत्या पेशींचं प्रमाण दाखवते: कार्सिनॉइडमध्ये ते सहसा कमी, स्मॉल सेलमध्ये बहुधा 50 टक्क्यांच्या वर. रिपोर्टचं नाव आणि रुग्णाची तब्येत यांचा मेळ बसत नसेल तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. आणखी एक: टिपिकल-अटिपिकल म्हणजे स्टेज नव्हे. स्टेज सांगते ट्यूमर कुठवर पोहोचला. ही श्रेणी सांगते त्याचा स्वभाव.

सर्वांत महत्त्वाचा शब्द प्रॉग्नोसिस. त्याला रोगनिदान म्हणता येत नाही. ते डायग्नोसिससाठी रुळलं आहे. (आयुर्वेदात तर निदान म्हणजे रोगाचं कारण.) ‘पूर्वानुमान’ ऐकलं की हवामान आठवतं, ‘भवितव्य’मध्ये नशिबाची छटा येते. बोलताना ‘आजाराची पुढची वाटचाल’ हे मला सर्वांत बरं वाटतं. लेखी मराठीत ‘साध्यासाध्यविचार’ वापरायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण त्यामागे चार पायऱ्यांची तयार चौकट आहे: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. याप्य म्हणजे मुळातून जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो. पसरलेल्या कार्सिनॉइडचं इतकं अचूक वर्णन करणारा दुसरा शब्द मराठीत सापडणं कठीण. त्यात ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन चार आठवड्यांनी एकदा, एव्हरोलिमसची रोजची गोळी, किंवा निवडक रुग्णांत ल्युटेशियम-177 या किरणोत्सर्गी द्रव्याचे उपचार देतात. हेतू ट्यूमर थोपवून धरण्याचा असतो. एव्हरोलिमसने तोंड येतं, आणि काही रुग्णांत फुप्फुसालाच सूज येते. खोकला किंवा धाप नव्याने वाढली तर ती अंगावर न काढता लगेच कळवावी.

आकडे मराठीत आणताना दोन चुका सारख्या दिसतात. ‘फाइव्ह-इयर सर्व्हायव्हल 90 टक्के’ याचं ‘पाच वर्षं आयुष्य’ असं होऊन बसतं. खरा अर्थ: निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले नव्वद जण हयात होते, त्यातले पुष्कळ पुढे अनेक वर्षं जगतात. दुसरी चूक ‘प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल’ची. एव्हरोलिमसच्या रेडियंट-4 चाचणीत हा काळ 11 महिने होता, औषधाविना गटात 3.9 महिने. म्हणजे आजार न वाढता सरलेला काळ, तोही मध्यक: निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त. ‘औषध घेऊन अकरा महिने मिळतात’ असं त्याचं मराठी केलं तर रुग्णावर घोर अन्याय होतो.

उपचारांबद्दल घरच्यांना लिहायचं ते असं लिहिता येईल:

‘फुप्फुसाच्या श्वासनलिकेत संथ वाढणारा, दुर्मिळ प्रकारचा कर्करोग आहे. मुख्य उपचार शस्त्रक्रिया. फुप्फुसाचा तेवढा खंड आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढतील. जमल्यास नळीचा फक्त रोगट भाग कापून दोन्ही टोकं जोडतील, म्हणजे चांगलं फुप्फुस वाचेल. पूर्ण निघाला तर केमोथेरपी सहसा लागत नाही. तपासण्या मात्र किमान दहा वर्षं चालतील.’

‘दुर्बिणीतूनच काढता येणार नाही का?’ हा प्रश्न हमखास येईल. नळीत दिसणारा गुळगुळीत लालसर गोळा बहुधा ट्यूमरचा लहानसा भाग असतो. मोठा भाग नळीच्या भिंतीपलीकडे असतो. आतून खरवडला की श्वास मोकळा होतो, पण मूळ मागे राहतं. शिवाय त्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. ‘पेट स्कॅन निगेटिव्ह आला, मग कर्करोग कसा?’ हेही विचारलं जातं. नेहमीचा पेट स्कॅन साखर शोषणाऱ्या पेशी दाखवतो. संथ कार्सिनॉइड साखर कमी खातो, म्हणून निसटतो. त्यासाठी डोटाटेट पेट हा वेगळा स्कॅन असतो.

हीच वाक्यं दुसऱ्या दुर्मिळ ट्यूमरसाठी जशीच्या तशी उचलू नका. इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमरच्या नावात ‘इन्फ्लमेटरी’ असलं तरी त्याचं ‘दाहाची गाठ’ करू नये. तो ट्यूमरच आहे. साधारण निम्म्या रुग्णांत एएलके जनुकातला बदल सापडतो आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा क्रिझोटिनिबसारखी गोळी चालते, म्हणून ती चाचणी झाली आहे का हे विचारावं. लहान मुलांतल्या प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमात डायसर-1 जनुकाची तपासणी भावंडांच्या दृष्टीनेही महत्त्वाची असते. आणि अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ असं कधीच लिहू नये: तो मज्जातंतूंच्या कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही परत येतो.