मार्करचा डाग कशावर पडलाय, ते आधी सांगा

मागच्या अंकात डागांबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं होतं, आणि शिवणकामवाले, रजया जोडणारे, पेपरक्राफ्टवाले, मुलांची प्रोजेक्टं रात्री उशिरा पुरी करणारे आईबाबा, सगळे फिरून परमनंट मार्करवरच आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काहींना दोन ओळींत उरकलंय, राग मानू नका.

प्रश्न : ताई, स्टेन्सिल आखताना मार्कर कागदाच्या बाहेर गेला आणि कटिंग मॅटवर (कापताना खाली घालतो ती मापाच्या चौकटींची प्लॅस्टिकची चटई) चांगली वीतभर काळी रेघ उमटली. साबणाने घासलं, भिजवून ठेवलं, ढिम्म नाही. मॅट टाकवत नाही, काय करू?

उत्तर : साबणपाण्याने जाणारच नाही ती, कितीही घासा. मार्करच्या शाईत एक असतो रंग, दुसरं त्या रंगाला पृष्ठभागाला धरून ठेवणारं रेझिन, आणि तिसरं हे दोन्ही पातळ ठेवणारं सॉल्व्हंट, जे आजकालच्या बहुतेक मार्करमध्ये कुठलंतरी अल्कोहोल असतं. रेघ मारली की अल्कोहोल उडून जातं आणि रंग रेझिनसकट चिकटून बसतो. पाण्याला ते रेझिन दाद देत नाही, पण परत अल्कोहोल मिळालं की सुटतं. म्हणून औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा. ७० टक्क्यांचं चालतं, पण त्यात उरलेलं पाणीच असतं, त्यामुळे ९० च्या पुढचं मिळालं तर काम लवकर होतं.

आधी मॅटच्या कोपऱ्यात, जिथे चौकटी छापल्यात तिथेच, थोडं लावून बघा. कारण त्या चौकटी पण शाईच आहे हो, मार्कर निघाला आणि सोबत सेंटीमीटर पण गेले असं व्हायला नको. बोळ्यावर चौकटीचा रंग यायला लागला तर थांबायचं आणि छापील रेघा वगळून तेवढाच डाग इअरबडने टिपायचा.

कापसाचा बोळा ओला करा, निथळता नको. रेघेवर दोनचार सेकंद दाबून धरा आणि मग एकाच दिशेने उचलून घ्या. गोल गोल घासलं की रेघेचा राखाडी ढग होतो आणि तो रेघेपेक्षा वाईट दिसतो. बोळा उलटून बघितलात तर काळ्या रेघेचा रंग कडेला जांभळट किंवा निळसर पसरलेला दिसेल, घाबरू नका, बरेच काळे मार्कर दोनतीन रंग मिसळूनच काळे झालेले असतात. प्रत्येक वेळी नवीन बोळा, नाहीतर काढलेली शाई तुम्हीच परत मॅटला लावता.

रेघ जुनी असेल तर शेवटी एक फिकी सावली राहील. बहुतेक मॅट पीव्हीसीच्या असतात, त्या मऊ राहाव्यात म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं त्यात शाईचा रंग हळूहळू उतरतो, आणि आत गेलेला रंग वरून पुसून येत नाही. त्यावर एक पांढरी चिंधी दाबून बघा, चिंधी स्वच्छ राहिली तर सावलीसकट खुशाल वापरा. शेवटी साध्या पाण्याने धुवा आणि आडवी ठेवून वाळवा. गरम पाणी आणि ऊन नको, मॅट वाकडी होते आणि वाकडी झालेली सरळ करणं हे डाग काढण्याहून अवघड काम आहे.

प्रश्न : असाच डाग माझ्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पट्टीवर आहे. त्यालापण अल्कोहोलच ना?

उत्तर : नको! अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोलने बारीक बारीक तडे जातात, केसासारखे, विशेषतः कडांना, कारण कापताना तिथे ताण राहिलेला असतो. लगेच दिसेलच असं नाही, वापरता वापरता पट्टी धुरकट व्हायला लागते. त्याऐवजी व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, डागावर तो जाडसर गिरवा आणि ओला असतानाच मऊ फडक्याने पुसा. त्यातल्या सॉल्व्हंटने जुनी शाई सुटते आणि त्याच्या शाईत ती पृष्ठभागाला चिकटू नये म्हणून घातलेला तेलकट घटक असतो, त्यामुळे दोन्ही एकदम उचलली जातात. सॉल्व्हंट इथेही आहेच, पण अगदी थोडं आणि क्षणभर. वाळू दिलंत तर परत पहिले पाढे पंचावन्न. राहिलेलं पांढऱ्या खोडरबरने. आणि हे सगळं छापील आकडे नसलेल्या बाजूने करा, आकडे कुठल्या बाजूला आहेत ते नखाने चाचपून कळतं.

प्रश्न : शिलाई मशीनच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर मुलाने मार्करने चित्र काढलं. मी नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर डाग पसरला आणि प्लॅस्टिकच चिकट झालं, वर बोटाचा ठसा उमटलाय. आता?

उत्तर : आता आधी हात लावू नका. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळलंय, ते मऊ आहे तोपर्यंत पुसाल तितका खड्डा वाढेल. दिवसभर तसंच ठेवा, कडक होईल. ठसा अगदी खटकत असेल तर नंतर बारीकातला बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवता येतो, पण मूळची चकाकी परत येणार नाही, सरळ सांगते. मी तुमच्या जागी असते तर तिथे एखादा छान स्टिकर लावून मोकळी झाले असते. आणि बाटलीवर अ‍ॅसिटोन-फ्री लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट असतं आणि ते पण या प्लॅस्टिकला सोडत नाही.

बाकीच्या चित्रासाठी : मशीनचा प्लग काढायचा, आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं (मशीनवर ओतायचं किंवा स्प्रे करायचं नाही, बॉबिनच्या बाजूला आत गेलं तर दुसराच खर्च निघतो), मशीनच्या खालच्या बाजूला कुठेतरी ट्राय करायचं आणि मग टिपत टिपत काढायचं. टाक्यांचे नंबर आणि चित्रं छापलीत तिथून लांब. सुईखालची स्टीलची पट्टी असेल तर तिथे बिनधास्त घासा, धातूला काही होत नाही.

प्रश्न : पांढऱ्या सुती कापडावर भरतकामासाठी डिझाइन ट्रेस करत होते, वरच्या कागदातून मार्कर झिरपला आणि कापडावर ठिपके ठिपके झाले. भरतकाम अर्धं झालंय त्यामुळे कापड टाकून देणं शक्य नाही. लगेच धुऊन इस्त्री केली तर जाईल का?

उत्तर : इस्त्री बाजूला ठेवा आणि तिचा प्लगही काढून ठेवा. एक म्हणजे उष्णतेने डाग आणखी घट्ट बसतो, आणि दुसरं म्हणजे आपण जे वापरणार आहोत ते पेट घेतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची वाफ साधारण १२ डिग्री सेल्सियसलासुद्धा ठिणगी मिळाली तर पेटू शकते, म्हणजे रोजच्या खोलीत तर पेटतेच. खिडकी उघडा, गरम इस्त्री, दिवा, शेगडी काही जवळ नको.

आता बघा, तुमच्याकडे खरी काळजी कापडाची नाहीये, दोऱ्याची आहे. सुती कापड अल्कोहोल आरामात सोसतं, पण भरतकामाचा लाल, मरून, गडद निळा दोरा रंग सोडू शकतो. त्याच दोऱ्याचा उरलेला तुकडा पांढऱ्या टिश्यूवर ठेवून वरून अल्कोहोलचा थेंब टाका आणि दाबा. टिश्यूवर रंग आला तर भरलेल्या भागाजवळचे ठिपके सोडून द्या आणि त्यावर दोनचार जास्तीचे टाके घाला, पानं फुलं कुठेही वाढवता येतात.

रंग नाही आला तर कापड उलटं करा, डागाची बाजू खाली, आणि खाली जुन्या टॉवेलची किंवा टिश्यूची जाड घडी. अल्कोहोल मागच्या बाजूने लावायचं म्हणजे शाई जिथून आली तिथूनच बाहेर जाते, अख्ख्या कापडातून आरपार जात नाही. ठिपक्याच्या बाहेरून सुरुवात करून मध्याकडे या, इअरबडने नुसतं टिपा, रगडू नका. खालची घडी उचलून बघा, तिच्यावर ठिपका उमटलेला असेल, लगेच तिचा कोरा भाग खाली सरकवा. हे कंटाळवाणं आहे, पण घडी सरकवायचा आळस केला की काम फसतं, कारण खालची शाई परत वर चढते. घडीवर रंग यायचा थांबला की कापड गार पाण्यात धुवा, साबण लावा, सावलीत वाळवा. वाळल्यावर उजेडात धरून बघा, डाग दिसला तर परत तेच, आणि पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री नाही.

ब्लीच मारू का हे पुढे विचारणारच कोणीतरी, म्हणून आत्ताच : काही काळ्या मार्करमध्ये काजळीसारखा कार्बनचा रंग असतो, त्याला ब्लीच काही करू शकत नाही, कापड मात्र झिजतं. रेशीम आणि लोकरीवर तर अजिबात नको. आणि ब्लीच आणि अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन एकत्र कधीच आणायचं नाही, त्यातून विषारी वायू-वाफा तयार होतात. कपड्यांवर नावं घालायला म्हणून जे मार्कर मिळतात ते तर धुण्यात टिकावेत म्हणूनच बनवलेले असतात, तो डाग फिका होईल, जाईलच असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : चमकदार अस्तराच्या कापडावर पण हेच करायचं?

उत्तर : कापड कसलं आहे ते माहीत असेल तर. पॉलिस्टर असेल तर हीच पद्धत चालते, फक्त शिवणीच्या आतल्या कडेला आधी ट्राय करा. अ‍ॅसिटेट असेल तर अ‍ॅसिटोनची बाटली खोलीतही आणू नका, डागाच्या जागी भोक पडेल, खरंच पडतं, धागाच विरघळतो.

प्रश्न : व्हिडिओमध्ये टूथपेस्ट, डिओ, सॅनिटायझर, काय काय दाखवतात. यातलं खरं काय?

उत्तर : सॅनिटायझर खरं, त्यात ६०-७० टक्के अल्कोहोल असतं, फक्त जेल असल्याने चिकटा राहतो तो नंतर ओल्या फडक्याने काढायचा. डिओ, परफ्यूममध्ये पण अल्कोहोल असतं पण सोबत तेलं आणि सुगंध, म्हणजे एक डाग काढून दुसरा लावायचा, त्यामुळे कापडावर नको. टूथपेस्ट शाई विरघळवत नाही, ती घासून वरचा थर काढते, त्यामुळे कडक सनमायकावर थोडंफार जमतं आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात. ते पांढरे मॅजिक स्पंज मिळतात त्यांचंही तसंच, मऊ लागले तरी काम अतिशय बारीक पॉलिश पेपरचं करतात. चकाकणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर फिरवाल तिथे मॅट फिनिशचा गोल तयार.

आता झटपट.

सनमायकाचं टेबल : अल्कोहोल, टिपून पुसा, काही होत नाही.

पॉलिश केलेलं लाकडी टेबल : जपून. लाखेचं पॉलिश (शेलॅक) स्पिरिटमध्येच विरघळवून बनवतात, त्यामुळे अल्कोहोलने डागाच्या आधी पॉलिश निघेल. व्हाइटबोर्ड मार्करवाली युक्ती लपलेल्या जागी करून बघा, पॉलिश धुरकट झालं तर पॉलिशवाल्याला बोलवा.

फेल्ट : लगेच टिपलं तर थोडं निघतं, नाहीतर रंग त्याच्या लोकरीसारख्या तंतूंत आत भिनतो. तेवढा तुकडा कापून दुसरा चिकटवा.

कार्डस्टॉक, ड्रॉइंग पेपर : नाही निघत. अल्कोहोलने डाग आणखी मोठा आणि पलीकडच्या बाजूलाही. वर काहीतरी चिकटवा आणि ते डिझाइनच होतं असं सांगा.

रेक्झिनची बॅग : रेक्झिनवरचा रंगाचा थर अल्कोहोलने निघू शकतो, आतल्या बाजूला बघून मगच, आणि तेही एकदाच पुसून.

प्रश्न : मग कापडावर आखायला वापरायचं तरी काय?

उत्तर : टेलरचा खडू, अजूनही. पाण्याने जाणारे निळे पेन पण चांगले असतात, पण त्या रेघांवर इस्त्री फिरवायची नाही आणि साबण लावायच्या आधी नुसत्या गार पाण्यात खळबळून रेघ पूर्ण घालवायची, नाहीतर ती पिवळट-तपकिरी होऊन कायमची बसते.

इस्त्रीने गायब होणारे जे पेन आहेत त्यांच्याबद्दल बऱ्याच जणी खूश आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ती शाई साधारण ६० डिग्रीला रंग सोडते पण कापडातून जात नाही, तिथेच असते, बिनरंगाची. उणे १० ते उणे २० डिग्रीच्या थंडीत गेली की परत उगवते. तुमची रजई कुणा बर्फाळ ठिकाणी राहणाऱ्याला पाठवायची असेल, तर शिवणीच्या आत लपणाऱ्या रेघांसाठीच ते पेन वापरा. खात्री करायची असेल तर त्याच पेनाने चिंधीवर रेघ मारा, इस्त्री करा, पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी बघा.