अलास्कातला वुड फ्रॉग हिवाळ्यात गोठतो, मग मरत का नाही?

कारण बर्फ पेशींच्या बाहेर होतो. आत स्फटिक झाला की पेशीचं आवरण फाटतं आणि खेळ संपतो. हा बेडूक नेमकं तेच टाळतो. कातडीवर पहिला बर्फ धरला की काही मिनिटांतच यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनचं (साखरेच्या साठ्याचं) ग्लुकोज करून रक्तात सोडायला लागतं. हृदय चालू आहे तोवर हा पाक पेशीपेशींत पोचतो आणि आतलं पाणी धरून ठेवतो. (मधुमेह्याला घाम फुटेल इतकी साखर!) मग अंगातलं सुमारे ६५ टक्के पाणी गोठतं, बहुतेक कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत. श्वास बंद, हृदय बंद, हाताला दगडासारखा टणक. अलास्कातले बेडूक उणे १६ अंशांतही तगतात. वितळताना हृदय आधी सुरू होतं, पाय हलायला बराच वेळ लागतो.