लहान मुलांना खेळवायला पीएचडी कशाला?

तुम्ही विचारलंय की बालशिक्षणात संशोधन करायचंय, पण घरचे म्हणतात 'लहान मुलांना खेळवायला पीएचडी कशाला?' शिवाय या विषयाला कुटुंब धोरण का चिकटवतात, तेही कळत नाही.

पहिलं वाक्य मलाही मामांनी ऐकवलं होतं. त्यांच्याकडे नंतर येते.

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मी ज्या विभागात शिकले, त्याच्या नावातच मानव विकास आणि कुटुंब अभ्यास अशी जोडी आहे. पाटी रोज वाचायचे. अर्थ कळला डहाणूकडच्या एका पाड्यावर. मुलांची भाषा कशी वाढते हे टिपायला मी अंगणवाडीत बसायचे. भातलावणी सुरू झाली आणि पट निम्मा रिकामा. दाराबाहेर आठेक वर्षांची पोर उभी, कडेवर भाऊ, स्वतःची शाळा बुडवून. आतलं गाणं तिला पाठ होतं, पायाने ठेका धरायची. भाऊ रडायला लागला की मुकाट्याने लांब जायची. माझ्या प्रश्नावलीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

मग ताराबाई मोडक पुन्हा नीट वाचल्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, माँटेसरी पद्धत कोळून प्यालेल्या या बाई १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली: तीच अंगणवाडी. थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली: विकासवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. आता यातलं शिक्षण कुठे संपतं आणि कुटुंब धोरण कुठे सुरू होतं, सांगा!

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं, पण योजनेच्या सहा सेवांत पाळणाघर नव्हतं. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बायकांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा दिली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. लावणीला वाकलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं काम केंद्राच्या 'पाळणा' योजनेत आत्ता कुठे सुरू झालंय.

नोकरीचं विचाराल तर नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, देऊन ठेवा. प्राध्यापकांच्या जागा थोड्या, संस्थांमधलं काम प्रकल्प असेपर्यंत. मी सहा वर्षांत तीन प्रकल्प बदललेत.

राहिले मामा. त्या पोरीची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मग, त्या भावाला कोणी घेतलं की नाही?" परत जाऊन मी मार्गदर्शक बाईंना सांगून विषय बदलून घेतला.