आयमॅक्सचं ७०० रुपयांचं तिकीट काढणं खरंच वर्थ आहे का, की साध्या स्क्रीनला बघितलेलं बरं?

प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना, कारण याच विषयावरून आमच्या घरात कधीपासून धुसफूस चालू आहे.

आधी उत्तर देऊन टाकतो. पिक्चर आयमॅक्सच्या कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या उंच चौकटीसाठी शूट झाला असेल तर घाला पैसे, नाहीतर चांगली ॲटमॉसची (छतातूनही आवाज येतो ती डॉल्बीची सिस्टीम) स्क्रीन बघून कमी पैशात जा. झालं. पुढचं सगळं माझं दुखणं आहे, वेळ असेल तर वाचा.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, तालुक्याच्या गावातल्या टॉकीजला तीसेक वर्षं ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या जाळून लाइट करायचे तेव्हापासून. दोन मशीन, वीसेक मिनिटांचं एक रीळ, ते संपायच्या आत दुसरं लागलं पाहिजे नाहीतर स्टॉलमधून शिट्ट्या आणि शिव्या. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका उमटायचा, पहिल्याला मोटर चालू, दुसऱ्याला चेंजओव्हर. आजही टीव्हीवर जुना पिक्चर लागला आणि तो ठिपका दिसला की यांचा उजवा हात वरणभातात असतो आणि डावा मांडीवरून आपोआप वर येतो. आई म्हणते, जेवा आता, रीळ बदललं.

तर आमचे साडू. आयटीत आहेत, फॉरमॅटचे भारी शौकीन. एकदा आम्हा सगळ्यांना पुण्यात एका मल्टिप्लेक्सच्या प्रीमियम मोठ्या स्क्रीनला घेऊन गेले, तिकिटं त्यांनीच काढली, रिक्लायनर, पांघरूण, सगळा थाट (मल्टिप्लेक्सचं नाव घेत नाही, उगाच वाद नको). पिक्चर साधा टूडी. दहा मिनिटं झाली असतील, अण्णांची चुळबुळ सुरू. मान वळवून मागच्या भिंतीतल्या काचेकडे बघायला लागले. म्हणाले, "लाइट कमी आहे." साडू म्हणाले, "अण्णा, सीन रात्रीचा आहे." मग भर दुपारचा सीन आला, शेत, ऊन, पांढरा सदरा घातलेला माणूस, आणि तो सदरा बिनधुतल्या चादरीसारखा मळकट. अण्णा उठलेच. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत ते पुढे, मी मागे.

बाहेर वॉकीटॉकीवाला एक पोरगा होता. म्हणाला, "अंकल, सगळं सर्व्हरवरून ऑटोमॅटिक चालतं, वर कोणी नसतं." अण्णांनी त्याला दोनदा विचारलं, "वर कोणी नसतं?" पिक्चर राहिला बाजूला, यांना तेच लागलं. यांनी तापात शो चालवलेत, केबिन सोडून जायची सोय नव्हती.

शेवटी मॅनेजर आला, वर जाऊन आला आणि आमच्याशी जरा नरमाईने बोलायला लागला. सकाळच्या शोचं थ्रीडीचं फिल्टर लेन्सपुढून काढायचंच राहिलं होतं. ते निम्म्याहून जास्त उजेड खातं. टूडीला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड पाहिजे असं स्टँडर्ड आहे, तो आकडा अण्णांना मीच नंतर सांगितला, त्यांना सदऱ्यावरून कळलं होतं. इंटरवलमध्ये फिल्टर निघालं आणि सदरा पांढरा झाला.

साडूंचं म्हणणं आजही हेच की काही फरक पडला नाही, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून त्यांना तसं वाटलं. लग्नाकार्यात हा किस्सा ते सांगतात आणि लोक हसतात.

म्हणून मला या बोर्डावरच्या नावांचं फार कौतुक नाही. शोले ७० एमएम म्हणून आपण लहानपणापासून ऐकतो ना? १९७५ चा तो पिक्चर शूट ३५ वर झालेला, नंतर फुगवून ७० ची प्रिंट काढली. तरी लोकांना तो मोठाच वाटला, आणि काही चुकलं नाही त्यांचं. आयमॅक्सचंही तेच. खरं फिल्मवरचं आयमॅक्स म्हणजे ७० एमएमची पट्टी आडवी पळते आणि एका फ्रेमला पंधरा होल, आपल्या ३५ ला चारच. मुंबईत वडाळ्याला २००१ साली आयमॅक्सचं घुमटाकार थिएटर निघालं, हैदराबादला २००३ मध्ये प्रसाद्‌स, तिथे ते होतं. आता ते आपल्याकडे कुठेच चालत नाही, जे आहे ते डिजिटल. आणि बरेच पिक्चर तर साध्या कॅमेऱ्याचेच, प्रोसेस करून तिथे लावलेले. चित्र मोठं दिसतं, आवाज छातीत बसतो, ते खरंय, पण त्याला फोटो मोठा करून फ्रेम केला म्हणायचं.

तुम्ही जाणारच असाल तर मधली सीट, पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, आवाज साधारण तिथे बसून जुळवतात. आणि चित्र अंधारं वाटलं किंवा मागचा एखादा स्पीकर मुका वाटला तर लाजू नका, उठा आणि सांगा. लोक हजार रुपये देऊन अंधारात बसतात आणि वर रिव्ह्यूत लिहितात की सिनेमॅटोग्राफी डार्क आहे.

हां, एक राहिलं, सगळीकडे असंच असतं असं नाही, लेझर प्रोजेक्टरवाल्या नव्या स्क्रीन चांगल्या आहेत. २०२५ मध्ये पुण्यात खराडीला देशातलं पहिलं डॉल्बी सिनेमा (लेझर प्रोजेक्टर आणि ॲटमॉस असलेला डॉल्बीचा खास हॉल) सुरू झालं, तिथला काळा रंग खरोखर काळा असतो. फोरडीएक्सला मात्र पाठीचं दुखणं असेल तर जाऊ नका, खुर्च्या बैलगाडीसारख्या हलतात. साडूंनी अण्णांना खराडीला चला म्हणून निरोप पाठवलाय, अण्णांनी उलटा निरोप दिला, वर माणूस आहे का तेवढं विचारून ठेवा.

आणि साडूबुवा, तुम्ही हे वाचणार हे मला माहितीये. इंटरवलनंतर फरक पडला नाही असं तुम्ही कसं सांगता? तुम्ही रिक्लायनर मागे टाकून घोरत होतात, शेजारच्या बाईंनी मला दोनदा उठवायला सांगितलं होतं.